आठवडा गुरुवारी पहाटे साडेपाचला सुरू होत नाही

डेटाबेसवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्टर फिरतंय. निळ्यावर पिवळी अक्षरं, वर मथळा: ‘वेळेनुसार ग्रुपिंग – सात सूत्रं, आयुष्यभर पुरतील’. ते दिसलं की मी पुढे सरकत होतो. परवा ते भाचीकडून आलं. ती सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या गच्चीवर बसवलेल्या स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नोंदी ती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठवते आणि रोजचा पाऊस हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राशी ताडून बघते. पोस्टरखाली तिने लिहिलं होतं, ‘मामा, यातलं सगळं केलंय, तरी आकडे जुळत नाहीत. आमचं यंत्र बिघडलंय का?’

यंत्र धडधाकट आहे. म्हणून आता हे लिहायला बसलो.

ज्यांनी पोस्टर पाहिलं नाही त्यांच्यासाठी ती सात सूत्रं सांगतो. एक, युनिक्स सेकंदांना (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद) खिडकीच्या, म्हणजे एका गटाच्या कालावधीच्या, सेकंदांनी भागा, अपूर्णांक टाका, परत गुणा. पाच मिनिटांना ३००, तासाला ३६००, दिवसाला ८६४००, आठवड्याला ६०४८००, महिन्याला २५९२०००. बाकी सगळी फंक्शनं म्हणजे नुसती सजावट. दोन, सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, यूटीसीतच गट पाडा, शेवटी दाखवताना साडेपाच तास मिळवा. तीन, एका दिवसाच्या नोंदी काढायला बिटवीन ही अट वापरा, ००:००:०० ते २३:५९:५९. चार, ज्या खिडकीत नोंद नाही तिथे शून्य भरा. पाच, दिवसाची सरासरी म्हणजे तासांच्या सरासऱ्यांची सरासरी. सहा, ओव्हर लावलेली विंडो फंक्शनं म्हणजे ग्रुप बाय या गट पाडणाऱ्या आदेशाची सुधारित आवृत्ती, तीच वापरा. सात, हे काहीच जमत नसेल तर डेटा पायथनमध्ये ओढा.

पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची बरीच चूक त्यातूनच पाझरते.

भागा-टाका-गुणा हे गणित म्हणून बरोबर आहे. पण त्यात मोजणी कुठून सुरू करायची हे कुणी विचारतच नाही; ती १ जानेवारी १९७०, यूटीसी मध्यरात्र, इथून आपोआप सुरू होते. तो दिवस गुरुवार होता. त्यामुळे ६०४८०० ने भागून मिळणारा प्रत्येक आठवडा गुरुवारी सुरू होतो, आणि आपल्या घड्याळात बघाल तर गुरुवारी पहाटे साडेपाचला. जगात कुठल्या ऑफिसचा, बाजाराचा, शाळेचा आठवडा असा असतो? आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो रविवारी सुरू होतो, आयएसओच्या मानकात सोमवारी. गुरुवार कुणाचाच नाही. तो फक्त भागाकाराचा.

ज्यांनी ही फंक्शनं लिहिली त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पोस्टग्रेसमध्ये डेट_बिन हे फंक्शन चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली आलं. त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात: खिडकीची रुंदी, नोंदीची वेळ आणि मोजणीचा आरंभबिंदू. तिसरी गोष्ट ऐच्छिक नाही, दिलीच पाहिजे. माहितीपुस्तिकेतल्या उदाहरणात आरंभ आहे १ जानेवारी २००१. तो सोमवार. वेळेच्या नोंदींसाठी असलेल्या टाइमस्केलडीबीच्या टाइम_बकेटमध्ये महिना-वर्ष सोडून बाकी खिडक्यांसाठी आरंभ न दिल्यास ३ जानेवारी २००० धरतात. तोही सोमवार. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०२२ मधल्या डेट_बकेटचा ठरीव आरंभ १ जानेवारी १९००. तोसुद्धा सोमवार. तीन वेगळ्या चमूंनी कॅलेंडर उघडून सोमवार शोधला आणि पोस्टरवाला म्हणतो ही सजावट आहे.

आता महिना. २५९२००० सेकंद म्हणजे बरोबर ३० दिवस. हे वाचून मी पाणी प्यायलो आणि पुन्हा वाचलं. ३० दिवसांच्या बारा खिडक्या म्हणजे ३६० दिवस. उरलेले पाच-सहा दिवस दरवर्षी खिडक्यांना कॅलेंडरात मागे ढकलत नेतात. १९७० पासून ढकलत ढकलत २०२४ च्या वसंतात त्या कुठे पोचल्या ते मी हिशोब करून पाहिलं: एक खिडकी १८ मार्चला उघडते आणि १६ एप्रिलला संपते. या ‘महिन्या’त आपलं जुनं आर्थिक वर्ष संपतं आणि नवं सुरू होतं, दोन्हींची विक्री एकाच आकड्यात. त्यावर कुणी जीएसटीचं विवरणपत्र भरू नये एवढीच प्रार्थना.

डेट_बिनची माहितीपुस्तिका याबद्दल एका वाक्यात बोलते: रुंदी शून्यापेक्षा मोठी हवी आणि तीत महिना किंवा त्याहून मोठं एकक चालणार नाही. करून पाहिलंत तर क्वेरी सरळ नकार देते. महिन्यासाठी डेट_ट्रंक आहे, जे कॅलेंडर बघून महिन्याच्या एक तारखेला नेऊन ठेवतं, मग तो महिना २८ दिवसांचा असो की ३१. ठरावीक रुंदीची खिडकी आणि कॅलेंडरची खिडकी या दोन वेगळ्या जाती आहेत, म्हणून दोन फंक्शनं आहेत. माझं या पोस्टरशी भांडण मुख्यतः इथेच आहे; बाकी सूत्रांवर मी कमी शब्द खर्च करेन.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. पाच, दहा, पंधरा, तीस मिनिटांच्या खिडक्यांना हे सूत्र भारतात बिनचूक चालतं. कारण साधं आहे: आपलं घड्याळ यूटीसीच्या ३३० मिनिटं पुढे आहे आणि ३३० ला ५, १०, १५, ३० या सगळ्यांनी निःशेष भाग जातो. देशाच्या वीजग्रिडचं वेळापत्रक १५ मिनिटांच्या ब्लॉकांत चालतं, दिवसाला ९६ ब्लॉक. तिथे हे सूत्र लावलंत तर ब्लॉकच्या कडा अचूक पडतील. पोस्टरवाल्याने बहुधा पाच मिनिटांवर तपासून पाहिलं, जमलं, आणि तो पोस्टर बनवायला बसला. वीस मिनिटांवर तपासलं असतं तर खिडक्या दहा, तीस आणि पन्नासाव्या मिनिटाला उघडताना दिसल्या असत्या. तासावर तपासलं असतं तर दहा ते अकरा या तासाऐवजी साडेनऊ ते साडेदहा मिळालं असतं. (नेपाळमध्ये तर तीस मिनिटांनाही जमणार नाही, त्यांचं घड्याळ पावणेसहा तास पुढे.)

दुसरं सूत्र अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच जास्त त्रासदायक. यूटीसीत साठवा, हे बरोबर. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनसह टाइमस्टॅम्पचा प्रकार घेतलात की तो तेच करतो. चूक आहे ती यूटीसीत गट पाडण्यात. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. मध्यरात्र ते साडेपाच या वेळेतली प्रत्येक नोंद आदल्या तारखेला जाते. चोवीस तास उघडं मेडिकल, पेट्रोल पंप, टोलनाका, रात्रपाळीचा कारखाना, यांच्याकडे त्या वेळेत नोंदी असतातच. १ एप्रिलच्या पहाटे चार वाजता केलेलं बिल ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं.

‘शेवटी साडेपाच तास मिळवा’ याने हे दुरुस्त होत नाही. गट आधीच पडलेले असतात, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. पाटीवर ‘१ एप्रिल, ०५:३०’ असं आलं तरी कुणाच्या लक्षात आलं असतं, पण रिपोर्ट बनवणारा तारखेपुरता भाग ठेवतो आणि ०५:३० उडवून टाकतो. चूक जिथे डोळ्यांना दिसली असती नेमका तोच भाग पुसला जातो.

करायचं काय? पोस्टग्रेसच्या बाराव्या आवृत्तीपासून डेट_ट्रंकला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून टाइमझोन देता येतो. तिथे ‘एशिया/कोलकाता’ हे नाव द्या. पोस्टरवर उदाहरणात ‘यूटीसी+५:३०’ असं लिहिलंय, तो तर वेगळाच सापळा आहे. पोस्टग्रेस अशी स्ट्रिंग पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाच्या रीतीने वाचतं, आणि त्या रीतीत अधिक चिन्ह म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. म्हणजे साडेपाच तास पुढे जायचं सोडून तुम्ही साडेपाच तास मागे जाता. एकूण चूक ११ तासांची, आणि एररही येत नाही. नाव दिल्याचा दुसरा फायदा भारतात बसून न्यू जर्सीतल्या टीमसाठी क्वेरी लिहिणाऱ्यांना कळेल. तिकडे मार्चमध्ये एक दिवस २३ तासांचा असतो आणि नोव्हेंबरमध्ये एक २५ तासांचा, तेव्हा ८६४०० हा आकडाच खोटा ठरतो. भारतात आज ती भानगड नाही. दुसऱ्या महायुद्धात होती, तेव्हाचे आकडे कुणी हाताळत असेल तर जपून.

हॉटेलवाला मला इथे अडवेल. ३१ डिसेंबरच्या रात्री दीड वाजता झालेलं बिल त्याला ३१ च्याच गल्ल्यात हवं असतं, कारण त्याचा दिवस रात्रीची पाळी संपल्यावर संपतो. बरोबर आहे त्याचं. दिवस कधी सुरू होतो हे धंद्याने ठरवायचं आणि क्वेरीत आरंभबिंदू म्हणून लिहायचं. त्याला सकाळी सहा हवे असतील तर सहा लिहा. यूटीसीने ते ठरवू नये.

आणि हवामान खात्याचंही बरोबर आहे, आता भाचीच्या पावसाकडे येतो. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, यूटीसीत पहाटे तीनला. त्या क्षणी मागच्या २४ तासांचा पाऊस मोजतात आणि ज्या तारखेला मोजला तीच तारीख लावतात. मुंबईला बुडवणारा पाऊस २६ जुलै २००५ चा म्हणून सगळ्यांच्या लक्षात आहे. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा मात्र २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आहे. (त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. मुंबईचा पाऊस असं मोघम म्हणणाऱ्यांनी हाही आकडा लक्षात ठेवावा.)

भाचीने पोस्टरप्रमाणे ८६४०० ने भागलं. तिचा दिवस पहाटे साडेपाच ते साडेपाच झाला आणि त्याला सुरुवातीची तारीख लागली. खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ, त्याला शेवटची तारीख. आता तारखेवर जॉइन केलं, म्हणजे दोन्ही तक्ते तारखेने जोडले, की काय होतं बघा: तिची ‘१० जुलै’ म्हणजे १० च्या पहाटे साडेपाचपासून ११ च्या साडेपाचपर्यंत, खात्याची ‘१० जुलै’ म्हणजे ९ च्या साडेआठपासून १० च्या साडेआठपर्यंत. दोघांत सामाईक वेळ फक्त तीन तास! उरलेले एकवीस तास दोघं वेगवेगळ्या दिवसांचा पाऊस मोजत होते. ती यंत्राचं झाकण उघडून पालापाचोळा शोधत बसली होती. डेट_बिनला रुंदी एक दिवस, आरंभ कुठल्याही तारखेचे भारतीय वेळेनुसार सकाळचे साडेआठ, आणि मिळालेल्या तारखेत एक दिवस मिळवायचा, एवढीच दुरुस्ती होती. पोस्टरचे भक्त म्हणतील की सूत्रातही तीन तास वजा करून, भागून, परत मिळवता येतात. येतात की. मग तुम्ही डेट_बिनच हाताने लिहिलंत.

खिडकीला सुरुवातीची पाटी लावायची की शेवटची, हा प्रश्न पोस्टरवर कुठेही नाही. पोस्टग्रेसची फंक्शनं सुरुवात देतात. इन्फ्लक्सडीबी या दुसऱ्या डेटाबेसच्या फ्लक्स भाषेतलं ॲग्रिगेटविंडो न सांगता शेवट लावतं. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हे एकदा तपासा, एवढंच.

तिसरं सूत्र, बिटवीन. दोन्ही कडा धरून मोजतं, त्यामुळे २३:५९:५९ च्या पुढच्या अर्ध्या सेकंदात आलेली नोंद हरवते. आणि शेवट पुढच्या मध्यरात्रीवर नेलात तर बरोबर बाराची नोंद दोन्ही दिवसांत मोजली जाते. सुरुवातीपासून पुढे आणि शेवटाच्या अलीकडे, अशा दोन अटी लिहा. पोस्टग्रेसच्या विकीवर ‘हे करू नका’ असं एक पान आहे, त्यावर हे केव्हापासून लिहिलेलं आहे. जाता जाता, अटीतल्या कॉलमवर डेट_ट्रंक गुंडाळू नका, त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) मग वापरला जात नाही.

चौथं, शून्य भरा. हे सूत्र चुकीचं आहे एवढं म्हणून भागत नाही, ते घातक आहे. आधी मूळ अडचण मान्य करू: ग्रुप बाय फक्त असलेल्या नोंदींचे गट देतं. ज्या तासात काहीच आलं नाही तो तास निकालात नसतोच, आणि आलेख दोन टोकं जोडून मधली दरी झाकतो. म्हणून जनरेट_सिरीजने सगळ्या खिडक्या आधी तयार करायच्या आणि त्यांना लेफ्ट जॉइनने नोंदी जोडायच्या, हे योग्यच. (जोडल्यावर मोजताना काउंटमध्ये तारांकन ठेवू नका, नोंदीच्या टेबलातला कॉलम ठेवा. तारांकनाने रिकाम्या खिडकीतही एक मोजला जातो.) पण त्या रिकाम्या जागी काय लिहायचं हे मोजमापावर ठरतं. दुकानातल्या बिलांची संख्या असेल तर शून्य खरं. तापमान असेल तर? पोस्टरप्रमाणे सेन्सर तासभर बंद पडला की मे महिन्याच्या दुपारी नागपूरचं तापमान शून्य अंश होतं, आणि दिवसाची सरासरी त्याला घेऊन खाली बसते.

पावसात याहून वाईट होतं. भाचीचं यंत्र छोटी वाटी भरून कलंडली की एक नोंद पाठवतं. नोंद नाही याचे दोन अर्थ: पाऊस नव्हता, किंवा बॅटरी संपली होती. मोठ्या पावसात वीज जाते, मोबाइलचं नेटवर्क जातं, म्हणजे नोंदी नेमक्या त्याच वेळी थांबायची शक्यता जास्त. तिथे शून्य भरलंत तर तुमच्या टेबलात सगळ्यात भयंकर तास कोरडा दिसणार, आणि त्याच टेबलावरून कुणी नाल्याचा व्यास ठरवणार. यंत्राने पाऊस नसतानाही ठरावीक वेळाने ‘चालू आहे’ अशी नोंद पाठवायला हवी. ती नोंद आहे आणि कलंडल्याची नाही, तर शून्य. तीही नाही, तर नल, म्हणजे ‘माहीत नाही’. आणि नल तसाच राहू द्या, अहवालात मोकळी जागा दिसली तर बिघडत नाही.

इन्फ्लक्सच्या जुन्या क्वेरी भाषेत फिलला पाच पर्याय आहेत: काही नको, नल, मागचीच किंमत, दोन्हींमधली रेषा, किंवा तुम्ही द्याल तो आकडा. टाइमस्केलमध्ये टाइम_बकेट_गॅपफिलबरोबर मागची किंमत पुढे ओढायला एक फंक्शन आणि मधली किंमत काढायला दुसरं. शून्य हे एकच उत्तर असतं तर एवढे पर्याय कुणी लिहिले असते?

पाचव्यावर फार बोलायला नको. एका तासात ६० नोंदी, दुसऱ्यात तीनच. सरासऱ्यांची सरासरी काढलीत की त्या तीन नोंदींना साठांइतकं वजन मिळतं. बेरीज आणि संख्या साठवा, भागाकार शेवटी करा. तासांच्या कमाल-किमानांवरून दिवसाचे कमाल-किमान काढलेले चालतात. मध्यक आणि पर्सेंटाइल चालत नाहीत, ते मूळ नोंदींवरूनच पुन्हा काढावे लागतात.

सहाव्यात दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यात. ग्रुप बाय नोंदी मिटवून खिडकीमागे एक ओळ देतं. ओव्हर एकही ओळ मिटवत नाही, प्रत्येक ओळीशेजारी तिच्या आजूबाजूच्या ओळींचा हिशोब मांडतं. दोन्हींची कामं वेगळी, आणि पावसात दोन्ही लागतात. समजा अडीच ते साडेतीन या वेळात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तासाभरात एवढा म्हणजे ढगफुटीच्या निकषाला भिडणारा. घड्याळी तासांच्या खिडक्यांत तो पन्नास-पन्नास असा दुभंगेल आणि तक्त्यात ढगफुटी दिसणारच नाही. तिथे सरकती खिडकी हवी: प्रत्येक नोंदीपासून मागच्या ६० मिनिटांची बेरीज आणि त्यातली कमाल. पोस्टग्रेसच्या अकराव्या आवृत्तीपासून ओव्हरमध्ये रेंजला थेट कालावधी देता येतो. पोस्टरवर रेंजऐवजी ‘रोज’ (rows, म्हणजे ओळी) आहे, मागच्या ५९ ओळी. ते मिनिटाला बरोबर एक नोंद येत असेल तरच खरं. वाटी कलंडेल तेव्हा नोंद, अशा यंत्रात ५९ ओळी मुसळधार पावसात काही मिनिटांच्या असतील आणि भुरभुरीत दोन दिवसांच्या.

सातव्याला माझी हरकत नाही. नोंदी थोड्या असतील तर खुशाल पायथनमध्ये ओढा. फक्त तिथे वरचे प्रश्न सुटतात असं समजू नका. पायथनमधल्या पांडास या लायब्ररीचं रीसॅम्पल तासाला आणि दिवसाला खिडकीची डावी कड धरतं आणि पाटीही डावीच लावतं. आठवडा किंवा महिनाअखेर म्हटलंत की न सांगता दोन्ही उजवीकडे नेतं. साडेआठचा दिवस हवा असेल तर तिथेही ओरिजिन किंवा ऑफसेट स्वतः लिहावा लागतो, आणि टाइमझोन आधी लावून घ्यावा लागतो.